वाटेवर आडवा उंट

२०२५ सालच्या जुलै महिन्याच्या २८ तारखेस जॉर्जिया देशातील बाटुमी या शहरी नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपीसारख्या अनुभवी आणि कीर्तिमंत खेळाडूचा अंतिम लढतीत पराभव करून महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्या एकाच विजयाने ग्रँडमास्टर ही बुद्धिबळातील सर्वोच्च पदवीही तिच्या नावापुढे लागली, ही वार्ता आमच्या जामसांवलीस पोहोचली तो दुसरा दिवस श्रावणातील मंगळवार होता. हनुमंताच्या देवळापुढे नारळ, शेंदूर आणि रुईच्या माळांची दुकाने पहाटेपासून मांडलेली होती, सौंसरकडून आणि पांढुर्ण्याकडून माणसांची रीघ लागली होती, आणि त्या गर्दीतही जो तो दुसऱ्यास सांगत होता की आपल्या नागपूरची पोर जिंकली. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशाच्या दफ्तरी राहिला खरा. परंतु बाजारहाट, दवाखाना, सोयरीक आणि संत्र्यांची विक्री या चारही कामांसाठी आमची तोंडे ज्या शहराकडे वळतात ते नागपूर येथून अवघे सत्तर किलोमीटरांच्या आत-बाहेर आहे, आणि म्हणून 'आपल्या' हा शब्द त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी उच्चारला त्यांनी तो हक्काने उच्चारला.

मात्र ती जिंकली कशी, हे त्या दिवशी मला कोणीही विचारले नाही, आणि पुढच्या आठवडाभरातही विचारले नाही. बक्षिसाची रक्कम विचारली गेली, वय विचारले गेले, शिकवणी कोठे लावावी आणि महिन्याला फी किती पडते हेही विचारले गेले. ज्या मराठी वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर तिचे छायाचित्र छापले त्यांतील जी माझ्या हाती आली त्यांच्या कोणत्याही पानावर तिच्या डावांतील एकही डाव चालींसह छापलेला मला आढळला नाही. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिच्याशी ती एकशे एक चालींचा डाव खेळली आणि जिंकली. अंतिम फेरीत दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला, आणि दुसरा तिने काळी मोहरी घेऊन जिंकला. या चार डावांची हकिकत बहुतेकांना एका वाक्यात मिळाली की, वेळेच्या टंचाईत हंपीच्या हातून चूक झाली. चूक झाली हे खरे. पण चूक आकाशातून पडत नसते. एका बाजूने चाळीस-पन्नास चाली शांतपणे दुसऱ्याची घरे आवळीत आणलेली असतात, त्याच्यापुढे दर चालीस नवा प्रश्न ठेवलेला असतो, घड्याळ चालू असते, आणि त्या साऱ्याच्या भाराखाली कधीतरी एक हात चुकीच्या मोहऱ्यावर पडतो. ती शेवटची चूक तेवढी बातमी होते, आणि तिच्या मागचे चाळीस चालींचे कर्तृत्व कोणाच्या कानीही पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या लेखात मला एवढेच मांडावयाचे आहे की बुद्धिबळाचा डाव हा वाचावयाचा ग्रंथ आहे, आणि तो वाचण्याची रीत आपण आपल्या मुलांना शिकवीत नाही. आपण त्यांना फटका शिकवतो. फटक्याची जागा कशी तयार होते हे शिकवत नाही.

इंग्रजी पुस्तकांतून या खेळाच्या विचाराचे दोन विभाग केलेले असतात, एक तात्कालिक मारामारीचा आणि दुसरा मोहऱ्यांच्या स्थानाचा, आणि त्यांची नावे आपल्याकडे भाषांतराने आणताना नेहमी अडखळायला होते. वास्तविक मराठीला ही अडचण पडू नये. 'डावपेच' हा शब्दच मुळी आपण तालमीतून उचललेला आहे, आणि तालमीच्या मातीत ज्याने चार दिवस अंग घुसळले आहे त्याला ठाऊक असते की डाव हा पकडीवाचून लागत नाही. खडाखडी झाली, मान दाबली, मनगट धरले, समोरच्याचा तोल एका पायावर आणला, की मग पट काढायला किंवा धोबीपछाड मारायला निमिष पुरे होते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या निमिषाला, आणि वस्ताद पाहत असतो ती त्याच्या आधीची पाच मिनिटांची पकड. बुद्धिबळातील स्थानविचार म्हणजे ही पकड होय. कोणते घर कोणाच्या ताब्यात आहे, कोणत्या मोहऱ्याला जायला वाट आहे आणि कोणाला नाही, कोणते प्यादे पुढे गेल्याने मागे कोणते घर कायमचे उघडे पडले, याचा जो हिशेब तो स्थानविचार. आणि तो हिशेब एका बाजूने पुरेसा झाला म्हणजे जी वसुली होते तो डावपेच.

आजकालच्या मुलांची तयारी प्रायः कोड्यांवर होते. मोबाइलच्या पडद्यावर एक स्थिती येते, 'पांढऱ्याने खेळून जिंकावे' असा हुकूम येतो, आणि मुलगा अर्ध्या मिनिटात वजिराचा बळी देऊन मात करतो. या अभ्यासाने नजर तीक्ष्ण होते, हे मी नाकारीत नाही. परंतु कोड्यात एक गोष्ट मुलाला आधीच सांगितलेली असते, ती ही की येथे धन पुरलेले आहे, खणा. प्रत्यक्ष डावात असे सांगणारा कोणी नसतो. तेथे चाळीसपैकी पस्तीस चालींत खणण्याजोगे काहीच नसते, आणि त्या पस्तीस चालींत काय करावे हे ज्याला ठाऊक नाही तो कोड्यांतला वीर उतावळा होऊन स्वतःच स्वतःचा कोट पाडून घेतो. आमच्या या मुलखाचा पिंडही थोडा अशाच उतावळ्या पराक्रमाकडे झुकणारा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावरील झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते ती पाहत वाढलेल्या मुलाला झेंड्यावर धावून जाणे लवकर समजते. काठ धरून बसणे समजावून द्यावे लागते.

गेल्या हिवाळ्यात सौंसरच्या शाळेत आठवीत शिकणारा एक मुलगा रविवारी दुपारी माझ्याकडे येऊ लागला. पाठ्यपुस्तके हिंदीत, घरची बोली मराठी, आणि बुद्धिबळ मोबाइलवर शिकलेले, अशी त्याची त्रिवेणी. कोडी सोडवण्यात तो मला केव्हाच मागे टाकतो. त्याच्यापुढे पहिला डाव कोणता ठेवावा याचा मी दोन दिवस विचार केला, आणि अखेर जो निवडला त्यात वजिराचा बळी नाही, हत्तीचा बळी नाही, आणि संपूर्ण डावात शहदेखील एकदाच दिलेला आहे. १९७४ च्या जून महिन्यात फ्रान्समधील नीस येथे झालेल्या ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर बसलेला तेवीस वर्षांचा अनातोली कार्पोव्ह आणि पश्चिम जर्मनीच्या पहिल्या पटावर बसलेला वोल्फगांग उन्त्सिकर यांच्यातील तो डाव होय. उन्त्सिकर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला, व्यवसायाने न्यायाधीश, आणि न्यायासन सांभाळून जगातील श्रेष्ठांशी बरोबरीने खेळणारा असा दुर्मीळ गृहस्थ होता. त्याला बुद्धिबळ कळत नव्हते म्हणून तो हरला, असे म्हणण्याची सोय या डावात नाही, आणि याच कारणासाठी तो मुलांना दाखवण्यास योग्य आहे.

आरंभ स्पॅनिश पद्धतीचा. दोघांचे किल्लेकोट आठव्या चालीपर्यंत उरकतात. तेराव्या चालीस पांढरा आपले प्यादे डी५ या घरावर ढकलतो, आणि तेथून पुढे काळ्याच्या सैन्याला वावरायला जागा कमी पडू लागते. घर तेवढेच, माणसे तेवढीच, पण मधोमध कोणीतरी भिंत घातलेली. पंधराव्या चालीस ए पट्टीवरील प्याद्यांची एक जोडी मारली जाते आणि ती उभी पट्टी मोकळी होते. लगेच सोळाव्या चालीस पांढरा बी४ वर प्यादे आणतो. ही चाल दिसायला क्षुल्लक आहे. काळ्याचा जो घोडा बी७ वर येऊन बसतो त्याला पुढे सरकायला ए५ आणि सी५ ही दोनच घरे, आणि त्या दोन्ही घरांवर या एका प्याद्याचा पहारा बसतो. तो घोडा पुढे डाव संपेपर्यंत बी७, डी८ आणि एकदा एफ७ एवढ्याच घरांत घुटमळत राहतो. एका प्याद्याने एक घोडा जन्मभर तबेल्यात ठेवला, असे मी मुलाला म्हणालो, तेव्हा त्याने प्रथमच मान वर करून पटाकडे नीट पाहिले.

आता बाविसावी चाल. काळ्याचे प्यादे सी५ वर उभे आहे, त्यावर ताण आहे, आणि ते सी४ वर ढकलले तर ताण सुटतो आणि पांढऱ्याच्या डी३ वरील उंटावर चालूनही जाता येते, असा दुहेरी लाभ दिसतो. उन्त्सिकर ते ढकलतो. दहा खेळाडूंपैकी नऊ हेच करतील. परंतु जे प्यादे सी५ वरून उठले त्याने एक दारही उघडे टाकले: ई३ वर बसलेल्या पांढऱ्याच्या दुसऱ्या उंटाची डी४, सी५, बी६ अशी तिरपी वाट त्या प्याद्याने आजवर अडवून धरली होती, ती मोकळी झाली. प्यादे मागे येत नाही. बुद्धिबळात सर्व मोहऱ्यांना आपली चूक निस्तरण्यासाठी परत फिरता येते, फक्त प्याद्याला येत नाही, आणि म्हणून स्थानविचाराचा अर्धा अधिक अभ्यास हा प्याद्यांच्या चालींचाच अभ्यास असतो.

पांढरा आपला पहिला उंट बी१ वर नेऊन ठेवतो, काळा वजीर डी८ वर घेतो. ए पट्टी मोकळी. एका टोकाला ए२ वर पांढऱ्याचा हत्ती, दुसऱ्या टोकाला ए८ वर काळ्याचा. पांढऱ्याने येथे दुसरा हत्ती ए१ वर आणला असता तर काळ्याने ए पट्टीवर मारामारी करून दोन्ही हत्तींच्या जोड्या पटावरून घालवल्या असत्या, आणि कोंदटलेल्या घरातली माणसे कमी झाली म्हणजे उरलेल्यांना श्वास घेता येतो, त्याप्रमाणे त्याचा डाव मोकळा झाला असता. मी पट तेथे थांबवला आणि मुलाला पांढऱ्याची चोविसावी चाल वहीत लिहायला सांगितली. त्याने पाच चाली लिहिल्या, पाचही मारामारीच्या किंवा हत्ती जोडण्याच्या. मग मी ई३ वरचा उंट उचलला आणि ए७ वर, काळ्याच्या हत्तीच्या थेट तोंडासमोर, नेऊन ठेवला.

"गुरुजी, हा उंट तिकडं काहून गेला?" त्याने विचारले. "तिथं तर काहीच नाही."

तेथे काहीच नाही, हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. उंट कोणालाही मारीत नव्हता, कोणालाही शह देत नव्हता. तो फक्त वाटेवर आडवा पडला होता. त्याला मागून ए२ वरील हत्तीचा जोर होता, म्हणून काळ्या हत्तीने त्याला मारावे तर स्वतः हत्ती देऊन उंट पदरी पडावा असा तोट्याचा व्यवहार होतो. काळ्या हत्तीने बाजूला सरून बी८ वर जावे तर ते घर याच उंटाच्या माऱ्यात येते. म्हणजे काळ्याचा हत्ती जेथे आहे तेथेच खिळला. आणि आडव्या पडलेल्या या उंटाच्या पाठीमागे पांढऱ्याचे दोन्ही हत्ती ए पट्टीवर सावकाश, कोणाच्याही हरकतीवाचून, एकामागे एक उभे राहू शकतात. ज्या दिवशी उंट उठेल त्या दिवशी ती सारी फौज एकदम आत शिरेल, ही टांगती तलवार काळ्याच्या डोक्यावर कायमची लटकते.

आमच्याकडे पांदणीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लवकर समजेल. दोन शेतांमधून जाणाऱ्या पांदणीच्या वहिवाटीवरून भाऊबंदांत वाद पडतो, तहसिलीत अर्ज-फाटे होतात, तारखा पडतात. पण एखाद्या सकाळी एकाने पांदणीत आपली बंडी आडवी लावून बैल सोडले, की त्या क्षणापासून प्रश्नाचे स्वरूप पालटते. त्याने कोणाला मारले नाही, कोणाचे पीक तुडवले नाही. मात्र आता समोरच्याला आपला माल बाहेर काढायचा तर आधी त्या बंडीचा विचार करावा लागतो, आणि रोज सकाळी उठून पहिला विचार बंडीचाच करावा लागतो. उन्त्सिकरने न्यायासनावर बसून किती प्रकरणांचे निवाडे दिले असतील. या बंडीवर मात्र त्याला कोठे दाद मागता आली नाही.

आणि जामसांवलीत राहणाऱ्या माणसाला यापुढे दुसरी एक गोष्ट आठवल्यावाचून कशी राहील? येथला हनुमंत उभा नाही, गदा उगारलेला नाही, पर्वत उचललेला नाही. पिंपळाखाली तो निजलेला आहे. मूर्तीखाली धन आहे अशा लोभाने कोणी ती हलवू पाहिली तेव्हा उभा असलेला देव आडवा झाला आणि मग कोणाच्याने हलला नाही, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. महाभारताच्या वनपर्वातही द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेवर हनुमंत असाच आडवा पडलेला आहे. तो भीमाशी लढत नाही, आपली शेपटी बाजूला सारून खुशाल पुढे जा एवढेच म्हणतो, आणि दहा हजार हत्तींचे बळ असलेल्या भीमाला ती शेपटी तसूभरही हलवता येत नाही. पराक्रमाचे सर्वांत प्रगल्भ रूप कोणते, याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी निजलेल्या मारुतीच्या रूपाने देऊन ठेवले आहे, आणि त्याचे दर्शन घेऊन नारळ फोडणारे आम्ही लोक पटावर बसलो की मात्र पहिल्या दहा चालींत वजीर घेऊन धावत सुटतो. इंग्रजांनी या तिरप्या मोहऱ्याला धर्मगुरू केले. आपल्याकडे तो उंट राहिला हे मला या डावापुरते फार भाग्याचे वाटते, कारण बसलेल्या उंटाला उठवणे किती कठीण असते हे आपल्या भाषेला ठाऊक आहे.

पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे, कारण खरी शिकवण पुढे आहे. ए७ वर उंट टाकून पांढऱ्याने डाव्या बाजूला काळ्याचे निम्मे सैन्य पहाऱ्यास बांधले, आणि मग तो अगदी उलट बाजूला, काळ्या राजाच्या अंगाला वळला. तिसाव्या चालीस एफ४ आणि एकतिसाव्या चालीस एफ५ असे प्यादे पुढे गेले. काळ्याने जी५ वर आणि मागाहून एच६ वर प्यादी नेऊन ती बाजू बंद केली, पण बंद करताना जी६ आणि एच५ ही दोन पांढरी घरे प्याद्यांच्या राखणीवाचून राहिली. आता त्या घरांची राखण एफ७ वर बसलेल्या काळ्या उंटाकडे होती. पांढऱ्याचा दुसरा उंट, जो आतापर्यंत डी३, बी१, सी२, पुन्हा बी१, पुन्हा सी२ असा आपल्याच अंगणात फिरत होता आणि मुलाच्या मते 'टाइमपास' करीत होता, तो डी१ मार्गे एच५ वर आला आणि त्या राखणदारापुढे ठाकला. दरम्यान काळ्याचा राजा जी८ वरून एफ८ वर, एफ८ वरून जी८ वर, पुन्हा एफ८, पुन्हा जी८ अशा येरझाऱ्या घालीत राहिला. त्या येरझाऱ्या उन्त्सिकरचा भित्रेपणा नव्हे, त्याला बिनतोट्याची दुसरी चालच शिल्लक नव्हती. एक्केचाळिसाव्या चालीस उंटाने उंट मारला, बेचाळिसावीस वजीर एच५ वर, त्रेचाळिसावीस जी६ वर, चव्वेचाळिसावीस घोडा एच५ वर आला, आणि उन्त्सिकरने डाव सोडला.

मुलाने बोटाने मोहरे मोजले. पटावर अठ्ठावीस होते. सोळाव्या चालीपासून चाळिसाव्या चालीपर्यंत सलग पंचवीस चाली कोणी कोणाला मारलेले नव्हते. आणि ए७ वरचा उंट? तो चोविसाव्या चालीपासून शेवटपर्यंत उठलाच नाही. ए पट्टीवर पांढऱ्याचे हत्ती कधी आत शिरलेच नाहीत. ज्या हल्ल्याच्या भयाने काळ्याचे सैन्य तेथे खोळंबून राहिले तो हल्ला झालाच नाही, आणि डाव भलत्याच ठिकाणी जिंकला गेला. उंट उठेल या शक्यतेनेच सर्व काम केले.

यावर कोणी म्हणेल, आणि ते योग्यच होईल, की मग मारामारीचा अभ्यास सोडून द्यावा काय? मुळीच नाही. ए७ वर उंट ठेवताना हत्तीने मारले तर काय, हे कार्पोव्हने मोजलेले असते. ते मोजता आले नसते तर ती चाल वेडेपणाची ठरली असती. शेवटच्या स्थितीतही काळ्याने वजिरावजिरी करून पाहिली तर जी६ वर पांढऱ्याचे प्यादे येते, एफ५ हे घर मोकळे होते, आणि ई३ वरील घोडा तेथे उतरला की डी६ आणि एच६ वरील प्यादी एकदम माऱ्यात सापडतात, हे ज्याला दिसत नाही त्याला डाव का सोडला हेही समजणार नाही. डावपेच आणि स्थानविचार हे दोन वेगळे विषय नव्हेतच. पकड आणि डाव यांच्यासारखे ते एकाच अंगाचे आहेत. माझी तक्रार एवढीच की आपण मुलांना डाव पाठ करून देतो आणि पकड दैवावर सोडतो.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा अल्प नाही. १९५५ साली एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी विभागून मिळवले. खाडिलकर भगिनींनी महिलांच्या बुद्धिबळाला या देशात प्रतिष्ठा दिली. प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे यांच्यापासून नाशिकच्या विदित गुजराथीपर्यंत ग्रँडमास्टरांची ओळ आहे. आणि २०२४ साली बुडापेस्ट येथे भारताच्या महिला संघाने ऑलिंपियाडचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा संघाचे कर्णधार हेच कुंटे होते व तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारी दिव्याच होती. नागपूरचा रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. या सर्वांचे शेकडो डाव चालींसह उपलब्ध आहेत. ज्याप्रमाणे तुकोबांचा अभंग आपण अर्थासह वाचतो, शब्द शब्द थांबून विचारतो, तसा यांपैकी एखादा डाव एखाद्या मराठी घरात वाचला जातो काय?

काही वर्षांपूर्वी एका तालुका पातळीच्या शालेय स्पर्धेस मी गेलो होतो; गावाचे आणि आयोजकांचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. बक्षीस समारंभ थाटात झाला, हार-तुरे झाले, छायाचित्रे निघाली. मंडप रिकामा झाल्यावर पाहतो तो खुर्च्यांखाली मुलांनी आपल्या हाताने लिहिलेले चालींच्या नोंदींचे कागद विखुरलेले होते, काहींवर चहाचे पेले ठेवल्याच्या वर्तुळाकार खुणा होत्या, आणि झाडणारी बाई ते सुपात भरीत होती. मी तिच्याकडून ते मागून घेतले आणि घरी आणले. एका कागदावर एकतिसाव्या चालीपुढे एका मुलाने कंसात बारीक अक्षरांत लिहिले होते, 'येथे मी चुकलो'. त्या मुलाला त्या चुकीपाशी बसून दोन प्रश्न विचारणारा माणूस त्या मंडपात कोणी नव्हता, याची खंत मला आजही आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या शाळांनी आठवड्यातून एक तास, एकच डाव, भिंतीवर टांगलेल्या मोठ्या पटावर लावावा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या चालीपाशी थांबून प्रत्येक मुलाने आपली चाल आणि तिचे कारण वहीत लिहिल्यावाचून पुढची चाल उघड करू नये. कारण मराठीत लिहावे. 'येथे हत्तीला जोर नाही म्हणून', 'हे घर पुन्हा राखता येणार नाही म्हणून', अशा वाक्यांनी मुलाची भाषाही घडेल. संगणकाला शेवटी विचारावे, प्रथम नव्हे. तो चालीचा भाव सांगतो, कारण सांगत नाही. आणि मराठी वर्तमानपत्रांनी रविवारच्या पुरवणीत एका डावाला अर्धा रकाना द्यावा, त्यात पहिला डाव दिव्याचा एकशे एक चालींचा असावा, आणि जिंकण्याच्या चालीपेक्षा मधल्या शांत चालींवर अधिक लिहावे.

त्या रविवारी दिवे लागणीची वेळ झाली, देवळातून आरतीची घंटा ऐकू येऊ लागली, तरी मुलगा पटापासून उठेना. मी मोहरे डब्यात भरू लागलो तर त्याने माझा हात धरला. त्याने सारे मोहरे पुन्हा मागे नेले, एक एक चाल उलटी घेत, न चुकता, आणि काळ्याचे सी४ वरील प्यादे उचलून सी५ वर परत ठेवले. मग पटाच्या पलीकडच्या बाजूला, उन्त्सिकरच्या जागी, मांडी घालून बसला.

"पट असाच राहू द्या, गुरुजी. उद्या शाळा सुटल्यावर येतो. बाविसावी चाल माझी."